हेलिकॉप्टर सड्यावर उतरू द्या

मोपा आणि दाबोळी, आपल्या गोव्यातले दोन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर आहेत. पेडण्यापासून काणकोणापर्यंत असे उघडे सडे कितीतरी. शिवाय कापणी झालेली शेतं आणि गावोगावची फुटबॉल मैदानं. विमानाला यातलं काही उपयोगाचं नाही, त्याला धावपट्टी लागते. हलक्या हेलिकॉप्टरला मात्र वीस-पंचवीस मीटरची सपाट, घट्ट जागा आणि आत-बाहेर यायला मोकळी वाट मिळाली की पुरे. पुढे ढग खाली आलेले दिसले तर पायलट अलीकडच्याच सड्यावर उतरू शकतो, इंजिन बंद करून तासभर थांबू शकतो, आकाश उघडल्यावर निघू शकतो. उडणाऱ्या दुसऱ्या कुठल्या वाहनाला ही सोय आहे? आणि हीच सोय आपण पायलटला वापरू देत नाही.

२ सप्टेंबर २००९ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं बेल ४३० हेलिकॉप्टर हैदराबादच्या बेगमपेठहून चित्तूरकडे निघालं आणि पावसाळी ढगांतून जाताना नल्लमलाच्या जंगलात कोसळलं. पाचही जण गेले. २६ जानेवारी २०२०ला लॉस एंजेलिसजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण गेले, कारण तेच, डोंगराला टेकलेले ढग. २ ऑक्टोबर २०२४ला पुण्यात बावधनला सकाळच्या धुक्यात उडालेलं हेलिकॉप्टर लगेच कोसळलं, तीन जण गेले.

ढगात शिरल्यावर नेमकं काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण 'एवढा अनुभवी पायलट, जाईल की निघून' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्या कानाच्या आतल्या नळ्यांत द्रव असतो, त्याच्या हालचालीवरून मेंदूला वळणं कळतात. वळण संथ आणि लांबलचक असेल तर दहा-वीस सेकंदांत तो द्रव नळीच्या गतीने फिरू लागतो आणि मेंदू सांगतो, आपण सरळ चाललोय. मग वळणातून बाहेर काढलं की उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं, आणि माणूस पुन्हा पहिल्याच वळणात घालतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिज नसतं. १९५४मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० पायलटांवर हा प्रयोग झाला. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत, आणि ती होती विमानं, जी हात सोडला तरी बऱ्यापैकी सरळ राहतात. ऑटोपायलट नसलेलं हेलिकॉप्टर हात सोडला की काही क्षणांत कलतं. कोबी ब्रायंटच्या पायलटकडे उपकरणांवर उडायचा परवाना होता. तरी शेवटी तो जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलला 'वर चढतोय' असं सांगत होता आणि हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चाललं होतं. यंत्रात कुठलाही बिघाड सापडला नाही.

म्हणजे निर्णय ढगात शिरण्याआधीच व्हायला हवा, आणि तो मनावर सोडून चालत नाही, आकड्यात बांधावा लागतो. नेहमीच्या वेगापेक्षा ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) कमी करावे लागले, किंवा ढगांखाली राहण्यासाठी दिवसा जमिनीपासून ५०० फुटांच्या खाली यावं लागलं, की चर्चा बंद: मागे फिरायचं किंवा उतरायचं. वेग कमी होणं ही पहिली खूण, कारण दिसेनासं झालं की पायलटचा हात नकळत वेग कमी करतो. हा आकडा कंपनीच्या नियमपुस्तकात हवा, उड्डाणाआधी मागे बसलेल्यांनाही सांगितलेला हवा. मंत्र्यांना तर आधी सांगायला हवा.

पायलट उतरत का नाही? भीती मागच्या सीटची असते आणि खालच्या जमिनीचीही. मागे बसलेल्याची सभा असते, लग्नाचा मुहूर्त असतो. खाली उतरलं तर गर्दी, पोलीस, 'परवानगी कुणाची?', मग कंपनीला खुलासा. आणि दुसऱ्या दिवशी मथळा: 'नेते थोडक्यात बचावले, हेलिकॉप्टरचं इमर्जन्सी लँडिंग'. पत्रकार मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, खबरदारी म्हणून शेतात उतरलेल्या हेलिकॉप्टरला संकट म्हणू नका. पायलटने काम चोख केलं, अशी ती बातमी आहे. मार्च २०२३मध्ये कर्नाटकात जेवर्गीला येडियुरप्पांचं हेलिकॉप्टर उतरताना मैदानातलं प्लास्टिक उडायला लागलं. पायलटने उतरणं सोडून दिलं, वर गेला, मैदान साफ झाल्यावर उतरला. शाबासकी द्यायची ती इथे.

उतरण्या-परतण्याची मोकळीक जमिनीवरच, वजनकाट्यावर हरवते हेही सांगतो. ऐनवेळी एक कार्यकर्ता वाढतो, ८० किलोचा. वजनाची मर्यादा ठरलेली, मग इंधन कमी करतात. इंधन लिटरला साधारण ०.८ किलो, म्हणजे ८० किलोला १०० लिटर गेलं. एका इंजिनाच्या पाच-सहा आसनी हेलिकॉप्टरला तासाला दीडशे ते पावणेदोनशे लिटर लागतं. त्या एका माणसाने अर्धा तास खाल्ला, नेमका मागे फिरण्याचा. त्यात आपला उकाडा. ३५ अंशांना समुद्रसपाटीवरची हवा सुमारे २४०० फुटांवर असते तितकी विरळ होते, दमटपणाने आणखी थोडी. इंजिन आणि पाती दोन्ही कमी ओढतात. म्हणून प्रत्येक माणूस सामानासकट काट्यावर उभा करायचा. वजन विचारायला लाजायचं नाही, आणि सांगितलेल्या आकड्यावर विश्वासही ठेवायचा नाही.

आता तारा. २५ मे २०१७ला निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर तारांत अडकून पडलं, सगळे वाचले. मे २०२५मध्ये गंगोत्रीच्या वाटेवर हेलिकॉप्टर तारेला लागलं, सातपैकी सहा गेले. तार वरून दिसतच नाही, पायलट शोधतो तो खांब. उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर एक बारीक तार असते, विजेपासून संरक्षणाची. खालच्या जाड तारा दिसल्या म्हणून पायलट जरासा वर घेतो आणि नेमका त्या बारीक तारेत जातो. म्हणून तारा ओलांडायच्या त्या मनोऱ्याच्या डोक्यावरूनच, दोन मनोऱ्यांच्या मधून कधीच नाही. नदी आणि दरी ओलांडणाऱ्या तारांवर वीज खात्याने नारिंगी गोळे लावावेत. काही मोठा खर्च नाही.

तात्पुरतं हेलिपॅड करणाऱ्यांसाठी थोडं. तांबड्या मातीचं मैदान आदल्या संध्याकाळी आणि उतरण्याच्या तासभर आधी भिजवा. ऐनवेळी ओतलं की वर चिखल, खाली धूळ. 'एच' कोरड्या चुन्याने काढू नका, तो उडून पायलटच्या समोर येतो. पाण्यात कालवून रंगवा. पताका, ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या मैदानाबाहेर. मागच्या छोट्या पंख्याकडे कुणालाही फिरकू देऊ नका, फिरताना तो दिसत नाही. एप्रिल २०२३मध्ये केदारनाथला एक सरकारी अधिकारी त्यानेच गेला.

किनाऱ्यावरच्या सैरसपाट्याच्या उड्डाणांचं गणित वेगळं. इंजिन बंद पडलं तर हजार फुटांवरून वारा नसताना साधारण एक-सव्वा किलोमीटर तरंगत जाता येतं. एका इंजिनाचं हेलिकॉप्टर असेल तर वाळू कायम त्या टप्प्यात हवी. पाण्यावर उतरलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन वर असल्याने ते उलटतं. मार्च २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत दारं काढून फोटोसाठी उडवलेल्या हेलिकॉप्टरमध्ये प्रवाशाला बांधलेला पट्टा जमिनीवरच्या इंधन बंद करण्याच्या दांड्याला अडकला आणि इंजिन बंद पडलं. पाण्यावर तरंगण्यासाठी लावलेले फुगे नीट फुगले नाहीत, हेलिकॉप्टर उलटलं. पायलट बाहेर आला, पट्ट्यांत अडकलेले पाचही प्रवासी बुडाले. म्हणून लाईफ जॅकेट सीटखाली ठेवून उपयोग नाही, अंगात हवं, आणि ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं. पट्टा कसा सोडायचा हे प्रत्येकाकडून चढण्याआधी करून घ्यायचं. डोळे मिटून, दोनदा.

नव्या यंत्रणा हव्यातच. डोंगराचा इशारा देणारी यंत्रणा, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे कल सांभाळणारा साधा दोन अक्षांचा ऑटोपायलट, धडकेत न फुटणारी इंधनटाकी. अमेरिकेत एप्रिल २०२०नंतर बनलेल्या नव्या हेलिकॉप्टरांना अशी टाकी सक्तीची आहे. जुनं हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्याने हे तिन्ही आहे का, असं लेखी विचारावं.

पण गोव्यात उद्यापासून होण्यासारखं काम वेगळं आहे. प्रत्येक तालुक्यात उतरण्याजोग्या दहा-पंधरा जागांची यादी: अक्षांश-रेखांश, कुठल्या बाजूला तारा, पावसाळ्यात जमीन धरते की रुतते. सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे आधी, कारण घाटातले ढग तिथेच आडवे येतात. चोर्ला आणि अनमोड घाटांत आकाशाकडे तोंड केलेला एकेक कॅमेरा, ज्याचं चित्र पणजीत बसलेल्या पायलटला निघण्याआधी फोनवर दिसेल. अलास्कात पायलट अशाच कॅमेऱ्यांवर विसंबतात. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, रुग्ण आणायची वेळ आली तर हीच यादी कामाला येईल. आणि जिल्हाधिकाऱ्यांचं एका पानाचं परिपत्रक: हवामानामुळे खबरदारी म्हणून उतरलेल्या पायलटला परवानगी विचारायची नाही, पोलिसांनी गर्दी पन्नास मीटर मागे ठेवायची आणि प्रवाशांसाठी गाडी पाठवायची.