बर्लिनमध्ये विमानं माल टाकत नव्हती, उतरवत होती

गाझातल्या उपासमारीची बातमी आली की एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: "१९४८ साली रशियाने बर्लिनची कोंडी केली, तेव्हा अमेरिका-ब्रिटनने विमानांनी अख्खं शहर जगवलं. मग गाझासाठी ट्रक, सीमा, परवानग्या यांची चर्चा कशाला? ट्रक गेले तरी लुटलेच जातात, विमानाला परवानगी लागत नाही. विमानातून अन्न टाका. काही ना काही तर लोकांच्या हाती पडेलच." पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत उपाशी माणसं मोजतात.

"बर्लिनला विमानांनी जगवलं." जगवलं, पण कसं ते पाहा. टेम्पलहॉफ आणि गाटोव इथे विमान धावपट्टीवर उतरायचं, माल उपसला जायचा, विमान परत फिरायचं. हे दोन विमानतळ पुरेनात म्हणून टेगेलला सुमारे तीन महिन्यांत नवा विमानतळ उभा राहिला. हजारो बर्लिनकर त्यासाठी राबले, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. पॅराशूटने खाली आली ती मुलांसाठीची चॉकलेटं, तीही रुमालाच्या इवल्याशा छत्र्यांना बांधलेली. जून १९४८ ते सप्टेंबर १९४९ या काळात पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या आणि सुमारे २१ लाख टन माल पोहोचला. त्यातला दोन तृतीयांश कोळसा होता. ही गोष्ट संदेशात कधीच नसते. पीठ पोहोचलं तरी भट्टी पेटल्याशिवाय पाव होत नाही आणि वीज नसेल तर पाणी चढत नाही, हे तिथल्या नियोजनात धरलेलं होतं. बटाटेसुद्धा वाळवून पाठवले जात, कारण ताज्या बटाट्याच्या वजनात बहुतांश पाणीच असतं.

गाझात विमान उतरवायला जागाच नाही. १९९८ साली रफाहजवळ सुरू झालेल्या विमानतळाची धावपट्टी इस्रायली सैन्याने २००१-०२ मध्ये उखडून टाकली. त्यामुळे 'बर्लिनसारखं' करायचं तर आधी धावपट्टी लागेल, आणि जो धावपट्टी बांधू देईल तो रस्ताही उघडू शकतो.

"विमानाला परवानगी लागत नाही." लागते. गाझाचं आकाश इस्रायलच्या ताब्यात आहे. जॉर्डन, अमेरिका वगैरे देशांची विमानं २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ च्या अखेरीपासून तिथे गेली ती इस्रायलशी वेळ आणि मार्ग ठरवूनच. बर्लिनचे तीन हवाई मार्गही नोव्हेंबर १९४५ च्या चार सत्तांच्या (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ) लेखी करारातले होते. संमतीविना माल टाकल्याचं उदाहरण आपल्याच शेजारचं आहे. ४ जून १९८७ रोजी भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ मालवाहू विमानांनी, मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात, श्रीलंकेतल्या जाफन्यावर सुमारे २५ टन मदत टाकली. लाखो लोकवस्तीच्या द्वीपकल्पाला २५ टन म्हणजे जेमतेम एका घासाची सोय. तो कोलंबोला दिलेला राजकीय इशारा होता. पुढची मदत श्रीलंकेच्या संमतीने जहाजाने गेली.

आता हिशेब. मदतकार्यात माणशी रोज २१०० किलोकॅलरी धरतात. त्यासाठी साधारण साडेचारशे ग्रॅम पीठ किंवा तांदूळ, पन्नास ग्रॅम डाळ, तीस ग्रॅम तेल आणि चिमूटभर मीठ लागतं. गाझातल्या २१ लाख लोकांसाठी हा कोरडा शिधाच रोज अकराशे टनांच्या घरात जातो. वीस टनी ट्रक धरले तर पंचावन्न फेऱ्या. भाजी, औषधं, साबण, डिझेल यात नाही. युद्धापूर्वी सगळं मिळून दिवसाला सुमारे ५०० ट्रक आत जात. याउलट २ मार्च २०२४ च्या पहिल्या अमेरिकी फेरीत तीन सी-१३० विमानांनी ६६ पेट्या टाकल्या, त्यात ३८,००० जेवणं होती. म्हणजे शंभरातल्या दोघांनाही एक वेळचं पुरलं नाही.

"काही ना काही तर हाती पडेलच." कोणाच्या? आकाशातून पडलेल्या पेटीला यादी नसते, रांग नसते. जो धावू शकतो, जो दोघांना ढकलू शकतो, त्याला ती मिळते. बाळंतीण, म्हातारी माणसं, पाय गमावलेला मुलगा हे तंबूतच राहतात. पेट्या वाऱ्याने भरकटतात. काही समुद्रात पडल्या आणि त्या काढायला गेलेली माणसं बुडाली. ८ मार्च २०२४ ला पॅराशूट न उघडल्याने कोसळलेल्या पेट्यांखाली पाच जण मेले. विमानातून टाकलेली मदत यशस्वी झाल्याचं उदाहरण म्हणून सीरियातलं देर-अझ-झोर शहर नेहमी दिलं जातं आणि ते योग्यच आहे, पण पूर्ण सांगायला हवं. आयसिसने वेढलेल्या त्या शहरावर फेब्रुवारी २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने पहिल्यांदा २१ पॅलेट (फळीवर बांधलेले मालाचे गठ्ठे) टाकले. चार फुटले, सात दोन्ही फौजांच्या मधल्या निर्जन पट्ट्यात पडले आणि दहांचा पत्ता लागला नाही. उंची आणि पॅराशूट बदलून तीनशेहून जास्त फेऱ्या यशस्वी झाल्या, त्या खाली मोकळं मैदान राखून सीरियन रेड क्रेसेंट या मदतसंस्थेची माणसं माल गोळा करून वाटत होती म्हणून. ३६५ चौरस किलोमीटरमध्ये तंबूला तंबू लागलेल्या गाझात असं मैदान आणायचं कुठून?

शिवाय भुकेल्या माणसाला काहीही चालतं, हा समज घातक आहे. पिठाला पाणी आणि जळण हवं. १ एप्रिल २०२५ पर्यंत जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीवर चालणाऱ्या गाझातल्या सगळ्या २५ बेकऱ्या पीठ आणि इंधन संपल्याने बंद पडल्या. ज्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, म्हणजे जे तीव्र कुपोषित आहे, त्याला तर तयार जेवणाचं पाकीटही उपयोगाचं नाही. त्याला शेंगदाणा, दूधपावडर आणि तेलाची औषधी पेस्ट लागते: ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० किलोकॅलरी, पाणी न घालता खायचं. एका मुलाला सहा ते आठ आठवड्यांत अशी दीडशेच्या आसपास पाकिटं जातात, आणि दर आठवड्याला वजन करणारं कुणीतरी लागतं. मूल सुजलेलं असेल, भूकच मेली असेल, तर दवाखान्यात एफ-७५ हे पातळ दूध दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पाजतात. एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदय बंद पडू शकतं. हे काम पॅराशूट करू शकत नाही.

"ट्रक गेले तरी लुटलेच जातात." लूट झाली आहे, मोठी झाली आहे. पण तिची वेळ बघा. पिठाचं पोतं सोन्याच्या भावाने विकलं जात होतं तेव्हा ती वाढली. १९ जानेवारी २०२५ च्या युद्धबंदीनंतर दिवसाला ६०० ट्रक ठरले आणि पुष्कळ माल आत आला, तेव्हा ती बरीच ओसरली. माल मुबलक झाला की भाव पडतो, आणि पडलेल्या भावाचं पोतं लुटायला कुणी जीव धोक्यात घालत नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'इतके ट्रक आत गेले' किंवा 'इतकी विमानं गेली' असं वाचलं की काही गोष्टी शोधा. गाझाच्या सीमेवरची किती फाटकं उघडी होती, उत्तरेकडचं त्यात होतं का? केरेम शालोम या दक्षिणेकडच्या फाटकावर माल एका ट्रकमधून उतरवून, तपासून दुसऱ्यात चढवावा लागतो. तिथून तो उचलून न्यायला मार्ग मंजूर झाला का? डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसचे टँकर किती? बाळांची पेस्ट दवाखान्यापर्यंत पोहोचली की गोदामातच राहिली?