बुलेवार्ड म्हणजे हॉलिवूड नव्हे

‘हॉलिवूड दोन तासांत उरकतं, फुटपाथवरच्या ताऱ्यांपलीकडे काही नाही’ हे लॉस एंजेलिसच्या सहलीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. हॉलिवूड बुलेवार्ड, म्हणजे कलाकारांच्या नावांचे तारे फुटपाथवर बसवलेला तो रस्ता, कळकट आहे, मान्य. स्पायडरमॅनच्या वेषातला एक जण आमच्या हिच्याशेजारी फोटोला उभा राहिला आणि क्लिक होताच पैशांसाठी हात पुढे! पण सिनेमा तिथे बनतोच कुठे? मोठ्या स्टुडिओंपैकी खुद्द हॉलिवूडमध्ये उरलाय तो पॅरामाउंट, मेलरोज अव्हेन्यूवर. वॉर्नर आणि डिस्ने बरबँकला, सोनी कल्व्हर सिटीत. वॉर्नरची टूर घ्या. अख्खी न्यूयॉर्कची गल्ली उभी केलीय, दगडी भिंतीवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो!

आणि ग्रिफिथ वेधशाळेचा साधा उल्लेखही नाही? १९३५ पासून सुरू, प्रवेश फुकट, आणि डोंगरावरची ती प्रसिद्ध ‘HOLLYWOOD’ पाटी तिथून मस्त दिसते (१९२३ साली ती चक्क प्लॉटविक्रीची जाहिरात होती, आपल्याकडच्या बिल्डरांनी नोंद घ्यावी). व्हरमाँट-सनसेट मेट्रो स्टेशनवरून ‘डॅश’ ही शहर बस थेट वर नेते, पार्किंगची कटकट नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असते.