‘पैशाने सुटले’ म्हणण्याआधी तारखा पाहा

नोएडाच्या डॉक्टर तलवार दांपत्याची मुलगी आरुषी आणि त्यांचा घरगडी हेमराज यांच्या 2008 मधल्या खुनाबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. ‘घरात चौघे होते, दोघे मेले, म्हणजे उरलेल्या दोघांनीच मारले. डॉक्टर होते, पैसेवाले होते, म्हणून हायकोर्टातून सुटले. केस बंद.’ वाचायला सोपा आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी पैशाचे बघू. डिसेंबर 2010 मध्ये सीबीआयनेच तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला होता. संशय आरुषीचे वडील राजेश तलवार यांच्यावर, पण पुरावा अपुरा, असे त्यात होते. तलवार दांपत्य गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटण्याची शक्यता होती. त्यांनी उलट त्या अहवालाला विरोध केला, पुढे तपास करा म्हणून अर्ज दिला. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी अहवाल फेटाळला आणि त्या दोघांनाच आरोपी म्हणून समन्स काढले. नोव्हेंबर 2013 मध्ये जन्मठेप झाली. 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवेपर्यंत दोघे जवळपास चार वर्षे डासना तुरुंगात होते. ज्यांना पैशाने सुटायचे असते ते स्वतःवरचा तपास चालू ठेवा, असा अर्ज करतात का?

आता ‘चौघांतले दोघे’. घरात काय घडले ते घरातल्यांनी सांगावे, यासाठी पुरावा कायद्यात कलम 106 होते आणि सत्र न्यायालयाने त्यावर बराच भर दिला. पण आधी सरकार पक्षाने आपली बाजू सिद्ध करायची, मगच आरोपीकडे स्पष्टीकरण मागायचे, असा क्रम आहे. रात्री बाहेरचे कोणी आत येऊच शकत नव्हते, हे आधी सिद्ध व्हायला हवे होते. सकाळी आलेल्या मोलकरणीच्या साक्षीवर त्यातले बरेच उभे होते, आणि तिने तर कोर्टातच सांगितले की मला जे समजावले तेच मी सांगते आहे. उच्च न्यायालयाला परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी तुटलेली दिसली. काही आकडे गृहीत धरून गणित सोडवणाऱ्या शिक्षकासारखे सत्र न्यायाधीश वागले, असे खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी लिहिले. खुनाच्या खटल्यात वरच्या कोर्टाने इतके स्पष्ट लिहिणे ही साधी गोष्ट नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक, तपासात आधी संशयित ठरलेल्या इतर नोकरांच्या नार्को चाचणीचे, म्हणजे औषधाने गुंगी आणून केलेल्या चौकशीचे, व्हिडिओ पाठवतात आणि ‘खुनी तर सापडले होते’ म्हणतात. तेही चूक. मे 2010 च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही, आणि संमतीने केली तरी तिच्यात बोललेले शब्द पुरावा ठरत नाहीत.

मग पुरावा गेला कुठे? मला सर्वांत जास्त चीड येते ती इथे. 16 मे 2008 च्या सकाळी नोएडाच्या जलवायू विहारमधल्या त्या फ्लॅटमध्ये माणसांची ये-जा चालू होती. गच्चीच्या दाराला कुलूप होते, ते त्या दिवशी कुणी उघडले नाही. पोलिसांनी हेमराजला फरार खुनी ठरवले, त्याच्यावर बक्षीसही लावले. तो त्याच गच्चीवर मरून पडला होता. दुसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा कळले. आठवड्याभरात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन तेरा वर्षांच्या मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवले, आणि तेही तिचे नाव चुकवून. पुढे कुठल्याही कोर्टाला जे हवे होते ते त्या पहिल्या दिवसांत तुडवले गेले.

राहिले ‘केस बंद’. डिसेंबर 2017 मध्ये हेमराजच्या पत्नीने या निर्दोष सुटकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, मार्च 2018 मध्ये सीबीआयनेही अपील केले. फिरणाऱ्या त्या मजकुरात हेमराजचे नाव बहुतेक वेळा नसतेच. नेपाळहून कामाला आलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला मेल्यावरही एक दिवस खुनी म्हणून शोधत होते.