खुलासा: 'बे-लीफ' शेतघराच्या तुळया जहाजाच्या नाहीत

इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात उभ्या असलेल्या 'बे-लीफ' या जुन्या शेतघराचा फोटो ग्रुपांवर फिरतोय. सोबतचा मजकूर: वाकड्या तुळया आणि रिकाम्या खाचा बघा, हे घर फुटक्या जहाजांच्या लाकडातून बांधलंय.

तसं नाही. घर 15व्या शतकाच्या सुरुवातीचं, मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं, म्हणजे समुद्रापासून बरंच आत. जलाशयात बुडणार म्हणून 1960च्या दशकाच्या अखेरीस ते सुटं करून हलवलं, आणि तेव्हा त्याचा सांगाडा जवळून पाहता आला. अशा घरांसाठी सुतार ओक झाडाचं ताजं, ओलं लाकूड वापरत. वाकडी लाकडं मुद्दाम निवडत, कारण खांब आणि तुळई यांमधल्या तिरप्या आधाराला तोच बाक हवा असतो. रिकामी खाच दिसली तर बहुतेकदा तिथली पडदी किंवा आधार नंतर काढलेला असतो. मला तर या खाचाच सगळ्यात मोलाच्या वाटतात; घर कुठे कसं बदललं ते त्यांवरूनच कळतं. बे-लीफच्या मधल्या दालनात आधी जमिनीवरच शेकोटी असे, धूर थेट छपराखाली जाई. धुराडं आणि वरचा मजला नंतर घातले. नव्याने उभारताना ते वगळले.

जहाजाचं लाकूड वापरलेल्या इमारती आहेत. हॅम्पशायरमधल्या विकहॅमची 1820ची चेसापीक गिरणी त्याच नावाच्या युद्धनौकेच्या लाकडांची आहे. पण बे-लीफ त्यातलं नव्हे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.