आंघोळ गरम पाण्याने करता का?

डोंबिवलीत पावसाळा सुरू झाला आणि आमच्या भाड्याच्या बाथरूममध्ये गीझरच्या मागे काळे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं मच्छर बसलेत, म्हणून टॉवेलने फटका मारला तर एकही उडेना. गणपती येईपर्यंत अख्खा कोपरा काळा.

घरमालकांना फोटो पाठवला, तर आधी नुसता अंगठा आला, मग फोन. "अहो, आधीच्या भाडेकरूंना कधी काही झालं नाही. तुम्ही गरम पाण्याने आंघोळ करता का?" आता यावर काय बोलणार? हो म्हटलं तर वाफ माझी, बुरशी माझी, आणि नाही म्हणून कशाला खोटं बोला.

वरच्या काकू म्हणाल्या, आमचं बाथरूम एकदम कोरडं ठणठणीत आहे, ओल खालून वर चढत असेल बघ. म्हणजे आमच्याकडूनच! सेक्रेटरी म्हणाले, बाहेरचा पाइप असेल तर सोसायटी बघेल, हे इंटर्नल लीकेज आहे, तुमचं तुम्ही वरच्यांशी बघा. प्लंबर आला, भिंतीवर दोनदा टकटक केली आणि विचारलं, "हे काम आधी कोणी केलंय?" (हा प्रश्न त्यांना शिकवतात की काय कोण जाणे.) मग वरच्यांची लादी फोडावी लागेल म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. वरच्या काकूंना हे सांगायला जायची हिंमत आमच्या घरात कोणातच नाही.

शेवटी नवऱ्याने मोहीम हातात घेतली. ब्लीच आणलं, वर टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिडवालं लिक्विड पण आणलं, आणि दोन्ही एकाच बादलीत ओतायला निघाला. मी ओरडले, अरे क्लोरीन वायू होतो त्याचा, बुरशीच्या आधी आपण जाऊ! मग नुसतं ब्लीच लावलं, दारं-खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. टाइल्स चकाचक झाल्या, पण सांध्यातल्या सिमेंटमधून चार दिवसांत परत काळं डोकावलं, कारण रंग गेला तरी आतली ओल कुठे गेली होती. एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू ठेवून बघितला, तर तो उघडतो डक्टमध्ये, जिथे सगळ्या मजल्यांचे पाइप गळतात आणि कबुतरं संसार करतात. आणि बाहेर तरी कोरडी हवा आहे कुठे? आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला मानवतं म्हणे, आपल्याकडे जुलैत ती 80-90 मध्येच फिरत असते.

मग घरमालकांनी मन मोठं केलं आणि पेंटर पाठवला. त्याने ओल्या भिंतीवरच पांढराशुभ्र वॉटरप्रूफ रंग मारला. दिवाळीपर्यंत त्याला पुरीसारखे फुगे आले, मग पोपडे, आणि पोपड्यांच्या मागे आमची जुनी ओळखीची मंडळी. बुरशीला काय, ना डिपॉझिट, ना अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, ना दरवर्षी दहा टक्के वाढ.

आता दुसरं घर बघतोय. परवा एक ब्रोकर हॉलची हवा, बाल्कनी, स्टेशन किती जवळ वगैरे कौतुकाने सांगत होता, आणि आम्ही दोघं बाथरूममध्ये स्टुलावर चढून छत हुंगत होतो. तो दारात येऊन अभिमानाने म्हणाला, "बघा ना मॅडम, कालच नवीन रंग मारलाय!"

आम्ही चपला घातल्या.