दासगावच्या बंदरावर एक पाटी हवी

२० मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. एसट्या, टेम्पो, ट्रॅव्हल्स भरभरून येतात. माणसं चवदार तळ्यावर जातात, ओंजळभर पाणी घेतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात, क्रांतिस्तंभापुढे माथा टेकतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते आम्हा महाडकरांबद्दल. १९२७ मध्ये याच दिवशी बाबासाहेब अस्पृश्यांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या वर्षाचं सगळं आम्ही दोन ठिकाणी नेऊन ठेवलंय आणि गावाला अडचणीचं होईल तेवढं हळूच वगळलंय.

आमचे लोक अभिमानाने सांगतात की तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. खरं आहे. तेव्हाचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस यांचं नावही घेतलं जातं आणि ते घ्यायलाच हवं. पण त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला तो ठराव रद्द केला, हे किती जण सांगतात?

मार्चमधल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. चाळीस रुपये, तेही १९२७ चे! सावित्री आणि गांधारी अशा दोन नद्या उशाशी असलेल्या गावात. तळ्यावर पाणी पिऊन लोक परतले, तोवर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली होती. मांडवात जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. जीव वाचवायला काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. मग शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' करण्यात आलं. घागरी ओतणारे कुणी परगावचे नव्हते हो.

डिसेंबरच्या परिषदेची गोष्ट तर नदीशीच बांधलेली आहे. बसवाल्यांनी बहिष्कार घातला तर अडकून पडायला नको म्हणून बाबासाहेब धरमतरमार्गे बसने न येता मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले. तिथून महाड पाचेक मैल, म्हणजे वेळ आलीच तर पायी गाठता येईल असं. मांडवाला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती त्या जागेवर. तळ्याचं पाणी मात्र घेता आलं नाही, कारण आधीच कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता. पुढे दावा चालत राहिला तो थेट मार्च १९३७ पर्यंत. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. तळं फक्त सवर्णांनीच वापरायची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असं मुंबई हायकोर्टाने म्हटलं आणि तळं कायद्याने मोकळं झालं.

एका ओंजळीला दहा वर्षं लागली. ही दहा वर्षं पाहुण्यांना दिसली पाहिजेत.

आपल्याकडे स्मारक म्हटलं की आधी कोनशिला आठवते. तिच्यावर मंत्री, आमदार, सभापती, सदस्य, ठेकेदार सगळे मावतात, ज्याच्यासाठी दगड बसवला त्याच्या वाट्याला एक ओळ. त्यापेक्षा बाजारपेठेतले दुकानदार शहाणे. जुलै २०२१ चा पूर ओसरल्यावर काहींनी भिंतीवर पाणी चढलं तिथे रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली. संपलं. नवीन माणूस आत आला की मान वर करून बघतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मला तशाच पाट्या हव्यात. जिथे घडलं तिथे, तारखेसह, चार ओळी. मार्चच्या मांडवाच्या जागी मारहाणीची. नगरपालिकेत दोन्ही ठरावांची, एकाखाली एक. तळ्याच्या काठावर १०८ घागरींची आणि शेजारीच हायकोर्टाच्या निकालाची. गावाची बदनामी होईल म्हणणारे निघतील, निघू देत. टिपणीसांचं मोठेपण तरी मग नीट कळेल, कारण ते कुणाच्या विरोधात उभे होते तेच आज दिसत नाही.

सुरुवात दासगावपासून करावी असं मला वाटतं. खाडीकाठी एक पाटी, खर्च फारसा नाही. ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला घेतलाय. 'पद्मावती' नेमकी कुठे लागायची, जुना धक्का कुठे होता, हे दासगावातल्या कुणाच्या आजी-आजोबांकडून ऐकलेलं असेल तर खाली लिहा. जागेचा फोटो टाकलात तर फारच बरं. आणि अर्जावर सह्या लागतील, त्याही सांगा.