डोळा नव्हे, बाजू बदलते

डोळे आणि मेंदूवरचा तुमचा लेख आवडला, पण 'उजव्या डोळ्याने पाहिलेलं डाव्या मेंदूत जातं' हे वाक्य कृपया दुरुस्त करा. प्रत्येक डोळ्याच्या ऑप्टिक नर्व्हमध्ये, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत, १० लाखांच्या आसपास तंतू असतात. पिट्युटरी ग्रंथीच्या वर, कायझमापाशी, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या या नसा एकत्र येतात तिथे, त्यातले फक्त नाकाकडच्या अर्ध्या दृष्टिपटलातून (डोळ्याच्या मागच्या पडद्यातून) आलेले तंतू बाजू बदलतात. कानाकडचे आपल्याच बाजूने पुढे जातात. डावीकडच्या वस्तूची प्रतिमा दोन्ही डोळ्यांत दृष्टिपटलाच्या उजव्या अर्ध्यावर पडते. म्हणून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे जे दिसतं ते थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या थांब्यामार्गे उजव्या मेंदूच्या मागच्या भागात पोचतं.

आमच्या खानापूरच्या मामांना 'तरुण भारत' वाचताना ओळीची सुरुवातच सापडेना, दाराची डावी चौकट खांद्याला लागायची. सगळे म्हणाले, डावा डोळा गेला, मोतीबिंदू असेल. चष्माही बदलून झाला. शेवटी बेळगावात स्कॅन केलं तेव्हा कळलं, उजव्या मेंदूत मागे रक्तपुरवठा बंद पडला होता. डोळे दोन्ही ठणठणीत!

घरात कुणाला असं झालं तर एकेक डोळा झाकून बघायला सांगा. दोन्ही वेळा एकाच बाजूचं दिसत नसेल, तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.